वॉशिंग्टनला निघालेल्या बातमीदारास

पुण्यात महापालिका आणि जिल्हा परिषद कव्हर करतोस, आता अमेरिकेत राजकीय पत्रकार होऊन पुढे एखाद्या राष्ट्राध्यक्षाचं चरित्र लिहायचंय, जमेल का, असं विचारलंयस. व्हिसाचे प्रकार वकील सांगेलच. मी दुसरंच सांगते.

लू कॅननने राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगनवर पाच पुस्तकं लिहिली. लोक त्याला वॉशिंग्टन पोस्टचा व्हाइट हाउस बातमीदार म्हणून ओळखतात, पण रेगन त्याला सापडला तो सॅन होजेच्या पेपरासाठी कॅलिफोर्नियाचं राजकारण कव्हर करताना. पहिलं पुस्तक १९६९चं. रेगन तेव्हा नुसता गव्हर्नर, राष्ट्राध्यक्ष व्हायला अजून बारा वर्षं.

एडमंड मॉरिस मात्र आपल्यासारखा बाहेरचा. जन्म नैरोबीचा, अमेरिकेत आला १९६८ला. थिओडोर रूझवेल्टच्या चरित्राला पुलित्झर मिळालं, मग रेगनचा अधिकृत चरित्रकार झाला, व्हाइट हाउसची दारं उघडली. चौदा वर्षं खपून १९९९ला पुस्तक आलं, तर त्यात रेगनला तरुणपणापासून बघणारा एक काल्पनिक निवेदक! टीकाकारांनी धुऊन काढलं. मला तो माणूस फार कळतो. पहिल्यापासून तिथे नसल्याची खोट कागदपत्रं वाचून भरत नाही.

मी विधान भवन कव्हर करायचे. इथे अमेरिकेत नवऱ्याच्या व्हिसावर आले, कामाची परवानगी नाही. पुढे स्वतःचा अर्ज करायचा तर वकिलाला माझ्या नावाने छापलेली कात्रणं हवीत. आपल्याकडे काय छापतात? 'आमच्या प्रतिनिधीकडून'. रात्र रात्र जागून दिलेल्या बातम्या, सगळ्या त्या प्रतिनिधीच्या! तू निघण्याआधी बायलाइन, म्हणजे तुझ्या नावानिशी छापलेल्या बातम्या, जमव, संपादकांचं पत्र लेटरहेडवर घे. पेपर बंद पडतात, संपादकही जातात.

लेकीचं तर अजून सलतं. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहिली, म्हणून इंग्रजी कच्चं असणाऱ्यांच्या गटात घातली. पोरगी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं फडाफडा वाचायची. मी भांडले, तर बाई हसून म्हणाल्या, प्रक्रिया आहे.

एकटेपणाचं विचारलंयस. मंडळाच्या गणपतीत भेटतात माणसं, भागतं. नागपूरच्या अधिवेशनात टपरीवर चहा पिताना जे कानावर यायचं, ते इथे येत नाही, एवढंच.

कर्ज काढून शिकायला यायचंच असेल तर टेक्सासची राजधानी ऑस्टिन बघ. माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनचं ग्रंथालय तिथल्या विद्यापीठाच्या आवारातच आहे. टेक्सासच्या विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. आमदारांचा पगार महिना ६०० डॉलर, त्यामुळे बहुतेकांचा पोटापाण्याचा धंदा वेगळा असतो. आज ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही असा एखादा गाठ, आणि पहिल्या दिवसापासून वही ठेव.