पासवाल्याकडून परत तिकीट

प्रश्न: प्रोजेक्टसाठी विचारायचं आहे. इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या, म्हणजे तेरा जणांच्या रग्बीच्या, चॅलेंज कपला प्रेक्षक परत आणायचे असतील तर काय करावं लागेल? जाहिरात वाढवावी, की तिकीट स्वस्त करावं?

उत्तर: या प्रश्नावरून आमच्या घरात दोन वर्षं भांडण चालू आहे, त्यामुळं माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. गेली चौदा वर्षं वेस्ट यॉर्कशायरमध्ये एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. ज्या क्लबाचं सीझन तिकीट, म्हणजे मोसमभराचा पास, काढतो त्याचं नाव सांगत नाही. पुढं जे लिहिणार आहे ते वाचून तिकीट खिडकीवरच्या बाई माझ्याशी बोलायच्या बंद होतील.

तुम्ही विचारताना बहुतेक फायनलचे आकडे डोळ्यांसमोर ठेवलेत. ते सगळ्यांना माहीत आहेत. 1985 साली विगन आणि हलची फायनल बघायला लंडनच्या वेम्बलीवर 99,801 माणसं होती. नवं वेम्बली बांधून झाल्यावर 2007 ची पहिली फायनल 84,241 जणांनी बघितली. 2018 ला आकडा 50,672 वर आला. 2022 ला फायनल टॉटनहॅमच्या मैदानावर नेली, तिथं 51,628. नंतर साठ हजारांच्या वर गाडी आली आणि लगेच सगळे पाठ थोपटून घ्यायला लागले. पण हा रोग फायनलला फक्त दिसतो. तो जडतो जानेवारी-फेब्रुवारीत, पहिल्या फेऱ्यांत, जिथं कॅमेरा जात नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या बारशाला बाबा इकडं आले होते. बाबा एस.टी.त कंडक्टर होते, एकतीस वर्षं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण असली फुटबॉलची मॅच असेल तर ड्युटी बदलून घेणारा माणूस. त्यांना म्हटलं, चला, आमच्या गावची मॅच दाखवतो. कपची मॅच आहे, हरला की बाहेर. बाबा खूश. माकडटोपी, त्यावर माझं क्लबाचं मफलर, आत दोन स्वेटर.

गेटवर माझं सीझन तिकीट चालेना. कपच्या मॅचला ते चालत नाही हे मला ठाऊक होतं, दर वर्षीचंच आहे. वेगळं तिकीट, पंधरा पौंड. खिडकी एकच उघडी, रांग हळूहळू सरकतेय. बाबांसाठी ज्येष्ठ नागरिकाची सवलत मागितली तर बाई म्हणाल्या, वयाचा काही पुरावा? पासपोर्ट घरी. बाबांनी शांतपणे आतल्या खिशातून एस.टी.चा निवृत्त कर्मचाऱ्याचा पास काढून काचेखालून सरकवला. बाईंनी मराठीतला तो पास उलटापालटा करून बघितला, फोटो बघितला, बाबांकडं बघितलं आणि सवलत दिली.

मी माझे पंधरा पौंड भरताना बाबा बघत होते.

"तुझ्याकडं पास हाय न्हवं?"

"आहे की. पण आज चालत नाही."

"का? गाडी बदलली?"

"नाही."

"मार्ग तोच, गाडी तीच, डायवर तोच. मग पास का चालंना?"

मी इंग्रजीत सवयीनं देतो तसलं उत्तर मराठीत द्यायला गेलो, की ही वेगळी स्पर्धा आहे, गेटचं उत्पन्न दोन्ही क्लबांत वाटलं जातं, वगैरे. बोलता बोलता माझं मलाच ते लंगडं वाटायला लागलं.

आत गेलो तर पुढचा धक्का. माझी सीट ज्या स्टँडमध्ये आहे तो स्टँडच बंद. माणसं कमी येणार म्हणून खर्च वाचवायला एकच बाजू उघडलेली. नऊ वर्षं मी ज्या सीटवर बसतो तिच्या शेजारी एक आजोबा असतात, जुने कोळसा खाणकामगार. त्यांचा गुडघा बदलल्यावर व्यायाम मीच करून घेतले होते आणि त्याची परतफेड म्हणून त्यांनी मला या खेळात ओढलं. आठ वर्षांचे असताना वडिलांबरोबर ते ब्रॅडफर्डच्या ऑडसलवर गेले होते. 1954 ची फायनल वेम्बलीवर 4-4 अशी बरोबरीत सुटली, म्हणून वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्सची परत मॅच घेतली, बुधवारी संध्याकाळी. अधिकृत आकडा 1,02,569. आजोबा म्हणतात, बापाच्या खांद्यावर बसूनसुद्धा मला फक्त टोप्या दिसल्या. तर असा माणूस त्या दिवशी आला नव्हता. नंतर फोनवर विचारलं तर म्हणाले, "त्या बाजूला पायऱ्या फार आहेत, आणि शेजारी कोण बसेल सांगता येत नाही."

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. मैदानावर माणूस खेळ बघायला जातो हे खरं, पण दर पंधरा दिवसांनी त्याच सीटवर, त्याच शेजाऱ्याबरोबर, मध्यंतराला तोच मीट-पाय (आत मांस भरून भाजलेला पदार्थ) आणि वाटाण्याचा लगदा खायला जातो हे जास्त खरं. कपची मॅच ही सगळी घडी मोडते. वार वेगळा, सीट वेगळी, शेजारी वेगळा आणि वर परत पैसे. सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाइकालाच तुम्ही त्या दिवशी पाहुणा करून टाकता.

बाबांचं लक्ष पहिली दहा मिनिटं खेळाकडं होतं. मग बघतो तर उजव्या हाताचं बोट हलतंय. माणसं मोजत होते. कंडक्टरची सवय, ओळीप्रमाणे, पुढून मागं. मध्यंतराच्या आधी म्हणाले, "सातशे चाळीस. त्यात पोरं एकोणीस." उत्तरार्धात स्पीकरवर प्रेक्षकसंख्या जाहीर झाली, सातशे त्रेपन्न. बाबा म्हणाले, "तेरा मुतारीत आसतील."

मॅच आम्ही जिंकलो. कोण कसं खेळलं हे मला आता आठवत नाही, आठवतं ते बाबांचं परतीच्या वाटेवरचं बोलणं. "आमच्याकडं पासवाल्याकडनं मी दुसऱ्यांदा तिकीट मागितलं आसतं तर त्यानं मला डेपोपर्यंत शिव्या घातल्या आसत्या. तुमची माणसं शिव्या घालत न्हाईत, नुसती यायची बंद हुत्यात. ते वाईट."

आता क्लबाची बाजूही सांगतो. गेटचं उत्पन्न वाटायचं असल्यामुळं यजमान क्लबानं पासवाल्यांना फुकट आत घेतलं तर पाहुण्या क्लबाचा वाटा बुडतो. लहान क्लबासाठी मोठ्या संघाबरोबरची एक मॅच म्हणजे हिवाळ्याचं वीजबिल. त्यामुळं "पास चालू करा" म्हणणं सोपं आहे. पण तोडही काही अवघड नाही. सीझन तिकीट विकतानाच त्यात घरच्या पहिल्या कप मॅचचे पाच-सहा पौंड धरा, कोण कुणाच्या घरी खेळणार याची सोडत निघाली की त्यातून ठरलेली रक्कम पाहुण्याला द्या, आणि घरची मॅच निघालीच नाही तर पुढच्या वर्षी वळती करा. आणि काही झालं तरी माणसाची नेहमीची सीट त्याला द्या. एक स्टँड उघडा ठेवायचा खर्च वाचवून तुम्ही आजोबा गमावता.

हे मी आमच्या मेव्हण्याला सांगितलं आणि भांडणाला सुरुवात झाली. मेव्हणा लंडनला असतो, मार्केटिंगमध्ये. त्याचं म्हणणं, स्वस्त केलं की किंमत जाते. लोकांना अनुभव विका, आतषबाजी करा, गायक आणा, लंडनमधला नवा प्रेक्षक पकडा. रग्बी म्हटलं की त्याला पंधरा जणांचीच माहीत, तेरांची म्हणजे त्याच्या मते "नॉर्थवाल्यांचं काहीतरी".

त्याला मी हडर्सफील्डचं जॉर्ज हॉटेल दाखवायला घेऊन गेलो होतो. 29 ऑगस्ट 1895 ला तिथं उत्तरेतले क्लब एकत्र बसले आणि रग्बी युनियन या मूळ संघटनेतून बाहेर पडले. कशावरून? शनिवारी खेळायला गेलं की गिरणीतला, खाणीतला मजुरीचा खाडा होतो, तेवढा भरून द्यावा, एवढ्यावरून. लंडनच्या साहेबांना ते पटलं नाही. दोनच वर्षांत, 1897 ला, या कपची पहिली फायनल लीड्सला हेडिंग्लीवर झाली आणि बॅटलीनं सेंट हेलेन्सला हरवलं. म्हणजे हा खेळ जन्माला आलाच मुळी कामगाराच्या खिशाचा विचार करून. त्याच कामगाराच्या नातवाकडून तुम्ही एकाच गेटवर दोनदा पैसे घेता आणि वर विचारता, लोक का येत नाहीत. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, इतिहासानं सीटा भरत नाहीत." ठीक आहे. आतषबाजीनंही भरलेल्या मी बघितल्या नाहीत.

टीव्हीमुळं प्रेक्षक कमी झाले असं कुणी सांगितलं तर त्याला 1968 ची फायनल विचारा. वेम्बलीवर पाणी साचलेलं, खेळाडू घसरतायत, शेवटच्या मिनिटाला वेकफील्डच्या डॉन फॉक्सची गोलपोस्टच्या अगदी समोरची किक चुकली आणि वेकफील्ड 11-10 नं हरलं. बीबीसीवर अख्ख्या देशानं ते बघितलं, तरी मैदानात 87,100 लोक भिजत होतेच.

खरं काय झालंय ते माणसाच्या कॅलेंडरवर आणि पाकिटात बघा. पूर्वी वर्षातनं एकच मोठी सहल, मे महिन्यात वेम्बली. 1980 ला हलचे दोन्ही क्लब फायनलला गेले तेव्हा शहराबाहेर रस्त्यावर पाटी लावली होती, शेवटी जाणाऱ्यानं दिवे बंद करावेत. मग 1998 ला ओल्ड ट्रॅफर्डवर लीगची ग्रँड फायनल सुरू झाली, 2007 ला मॅजिक वीकेंड आला (एका फेरीच्या सगळ्या लीग मॅच एकाच मैदानावर), 2025 ला विगन आणि वॉरिंग्टनची लीगची मॅच थेट लास व्हेगासला. त्यात कपच्या फायनलची तारीख ऑगस्टला नेली, मग मे, परत ऑगस्ट, मग जून. गावची जत्रा दर वर्षी वेगळ्या महिन्यात भरवली तर पाहुणे कुठल्या महिन्यात येतील? एक तारीख ठरवा, मे महिन्यातली, आणि दहा वर्षं हलवू नका. या एका गोष्टीवर मेव्हणाही कबूल आहे, फक्त तो त्याला "ब्रँड" म्हणतो.

2025 ची फायनल आम्ही दोघांनी एकत्र बघितली. त्याआधी पैज लागली होती. 2024 ला 64,845 लोक आले होते, आणि मेव्हण्याचं म्हणणं होतं की या वेळी जाहिरात जोरात आहे, आकडा वाढणार. हरणाऱ्यानं तांबडा-पांढरा स्वतःच्या हातानं करून घालायचा. वॉरिंग्टनसमोर होतं हल केआर, म्हणजे हल किंग्स्टन रोव्हर्स, हलच्या दोन क्लबांपैकी एक. त्यांना चाळीस वर्षांत एकही मोठा करंडक नव्हता, त्यांची अर्धी बाजू मॅचच्या आधीच रडत होती. शेवटच्या मिनिटांत त्यांच्या टॉम डेव्हिसनं ट्राय केला (चेंडू रेषेपलीकडं टेकवला), मिकी लुईसनं त्यावरची किक बसवली, हल केआर 8-6 नं जिंकलं. माझ्या पुढच्या ओळीतला एक साठीचा माणूस आपल्या पोराच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा होता, वर बघतच नव्हता. मेव्हणा तेव्हा बिअरच्या रांगेत.

आकडा लागला 63,278. एवढा उपाशी क्लब फायनलला असूनसुद्धा 1,567 नं कमी. वॉरिंग्टनवाल्यांनी मार्चमध्ये व्हेगास केलेलं आणि आदल्या वर्षीही वेम्बली केलेली. पाकीट एकच असतं.

थोडं माझ्याविरुद्धही लिहितो, नाहीतर तुमच्या प्रोजेक्टचे मार्क जातील. पहिल्या फेऱ्यांना गर्दी कधीच फायनलसारखी नव्हती, आणि माझी एक रिकामी मॅच म्हणजे अख्खी स्पर्धा नव्हे. नुसतं तिकीट स्वस्त करूनही भागणार नाही. पंधराचे दहा केले तरी बंद स्टँडमधली सीट बंदच राहते. आणि 2025 ला एक गोष्ट बरी केली, सुपर लीगचे, म्हणजे सगळ्यात वरच्या गटाचे, संघ तिसऱ्या फेरीपासूनच उतरवले आणि त्यांना खालच्या क्लबांच्या घरी पाठवलं. दोन हजारांच्या मैदानात दोन हजार माणसं असली की ती मॅच वाटते. वीस हजारांच्या मैदानात तीच दोन हजार म्हणजे सुतक.

मेव्हण्याचं म्हणणं आता असं आहे की दीड हजाराचा फरक म्हणजे फरकच नव्हे, पैज बरोबरीत सुटली. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, दीड हजार म्हणजे तीस गाड्या भरून. तांबडा-पांढरा अजून झालेला नाही. मसाला मी जानेवारीतच कोल्हापुरातनं मागवून ठेवलाय.