त्र्यंबकला चित्रपट महोत्सव कशाला?

प्रश्न : ताई, आम्ही त्र्यंबकेश्वरची काही तरुण मुलंमुली. अमेरिकेतल्या टेल्युराइड या डोंगरातल्या छोट्या गावाच्या चित्रपट महोत्सवाबद्दल वाचलं आणि आपल्याकडेही तसं काही करावंसं वाटलं. मोठी माणसं म्हणतात, ‘सिनेमा मोबाइलवर दिसतो, गावात गर्दी काय कमी आहे?’ अशा महोत्सवानं गावाचं नेमकं काय भलं होतं?
– एक वाचक, त्र्यंबकेश्वर

उत्तर : मोठ्यांचा गर्दीचा मुद्दा अगदी बरोबर आहे. माणसं आणायला त्र्यंबकला महोत्सवाची गरज नाही. श्रावणी सोमवार, निवृत्तिनाथांची पौषातली यात्रा, कुंभमेळा. तुमच्या गावाचं वर्ष येणाऱ्यांच्या सोयीनं चालतं. गावानं स्वतःसाठी, स्वतःच्या माणसांना शेजारी बसवून काही करावं, असे प्रसंग त्यात कमीच. मला महोत्सव हवा वाटतो तो त्यासाठी.

टेल्युराइड हे कोलोरॅडोतलं खाणकामगारांचं जुनं गाव. उंची सुमारे २,६६७ मीटर, तिन्ही बाजूंना डोंगर, कायमची वस्ती अडीच हजारांच्या आसपास. महोत्सव सुरू झाला १९७४ साली, १९१३ मध्ये बांधलेल्या ऑपेरा हाऊसमध्ये. तिथे स्पर्धेची बक्षिसं नसतात. कोणते चित्रपट दाखवणार, हेही अगदी तोंडावर येईपर्यंत जाहीर करत नाहीत. लोक निवडणाऱ्यांवर भरवसा ठेवून येतात. त्याचे पास आज फार महाग आहेत, ते आपल्याला नको. आपण घ्यावं ते तिथल्या बागेतलं उघड्यावरचं, कुणालाही फुकट बघता येणारं प्रदर्शन. १९७९ साली तिथे फ्रेंच दिग्दर्शक आबेल गान्स यांचा १९२७ चा ‘नेपोलियन’ हा मूकपट रात्रीच्या थंडीत उघड्यावर दाखवला. एकोणनव्वद वर्षांचे गान्स हॉटेलच्या खिडकीतून तो बघत होते. जगानं जवळपास विसरलेल्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाला एका डोंगरी गावानं मान दिला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि मान द्यायला तुम्हाला लांब जायला नको. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकलाच जन्मले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत झळकला, त्यानंतर त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि काम नाशिकला आणलं, १९४४ साली ते नाशिकलाच वारले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे. पण त्यांच्या जन्मगावी त्यांचा सिनेमा पडद्यावर लागावा, त्याला त्र्यंबकच्याच पोरांनी ढोलकी-पेटीची साथ द्यावी, हे मला स्मारकापेक्षा मोठं वाटतं. मूकपटाला भाषेची अडचण नाही. पाड्यांवरची आजी आणि पूजा सांगणारे गुरुजी एकाच वेळी हसतील. मोबाइलवर प्रत्येक जण एकटा हसतो.

पाहुण्यांची सोय हा तर तुमच्या गावाचा हातखंडा. पूजेला आलेल्या यजमानांना घरी उतरवून घेणं, त्यांच्या जेवणाखाण्याचं बघणं ही पुरोहित घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. बोलावलेल्या दोघा-तिघा चित्रपटकर्त्यांना लॉजवर ठेवू नका, घरात ठेवा. चित्रपट संपल्यावर त्यांच्याशी गप्पा व्हायलाच हव्यात, आणि पहिला प्रश्न शाळेतल्या मुलांना विचारू द्या.

आता व्यवहाराचं. पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतरचे दिवस धरा. पौषातल्या यात्रेशी गाठ पडू देऊ नका. सात वाजता सुरू करा, कारण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. ओटीटीचं वैयक्तिक सदस्यत्व काढून चित्रपट चौकात लावता येत नाही. हक्क असणाऱ्याची लेखी परवानगी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं. प्रमाणपत्र नसेल तर महोत्सवासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सूट मागता येते, पण त्यासाठी आधीपासून अर्ज हवा. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे फाळक्यांच्या चित्रपटांना ती अडचण नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं वाचली, ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपली आहेत. चांगल्या प्रतीसाठी पहिलं पत्र तिथेच लिहा.

पहिल्या वर्षी दोनच संध्याकाळी करा. प्रायोजकाचा फलक पडद्याच्या वर लागणार असेल तर पैसे नाकारा. नगरपरिषदेकडे अनुदान मागण्याआधी मैदान, वीजजोडणी आणि पाड्यांवरच्या लोकांना रात्री घरी सोडायला गाडी मागा. गाडी नसेल तर ती माणसं येणारच नाहीत, आणि मग महोत्सव फक्त बाजारपेठेतल्या घरांचा होईल.