जीआयपीच्या खुणा : खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पाचोरा) : अमेरिकेतल्या युद्धामुळे खान्देशच्या कापसाला भाव आला आणि म्हणून आपल्याकडे रेल्वे आली, हे बरोबर का?

क्रम उलटा आहे. ते यादवी युद्ध एप्रिल 1861 मध्ये सुरू झालं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, या कंपनीचा रेल्वे बांधायचा करार 1849 चा. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा रेल्वेसाठी तगादा त्याआधीपासून होता, म्हणजे कापूस डोक्यात होताच. गंमत अशी, की कसाऱ्यावरचा थळ घाट गाड्यांना खुला झाला 1 जानेवारी 1865 ला, युद्ध संपलं त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आणि पाठोपाठ कापसाचा भाव कोसळला. तेजीतला बराचसा माल घाटातून बैलगाडीनेच उतरला.

करारातली खरी मेख पाच टक्क्यांची. जमीन फुकट, 99 वर्षांसाठी. भांडवलावर पाच टक्के परतावा मिळाला नाही, तर तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या सारा भरणाऱ्याच्या खिशातून. मग काटकसर कोण करणार? सरकारने ही कंपनी 1900 मध्ये विकत घेतली, पण कारभार 1925 पर्यंत कंपनीकडेच ठेवला.

प्रश्न (धुळे) : जिल्ह्याचं ठिकाण असून धुळे मुख्य मार्गावर का नाही?

थळ घाट चढून आलेली लाइन मनमाडहून चाळीसगाव, जळगाव अशी भुसावळकडे गेली. धुळे पडलं त्याच्या उत्तरेला, पांझरेकाठी. 1900 मध्ये चाळीसगावहून 56 किलोमीटरचा फाटा आला, तो आजही फाटाच आहे. मनमाड-इंदूर मार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली आहे. तो झाला की चित्र बदलेल.

प्रश्न (अमळनेर) : आमचं स्टेशन पश्चिम रेल्वेत आणि पाचोरा मध्य रेल्वेत, असं का?

कंपन्या वेगळ्या होत्या म्हणून. सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचामार्गे अमळनेरपर्यंतची लाइन तापी व्हॅली रेल्वे या कंपनीची. गाड्या चालवायची बीबीसीआय, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. पुढे जळगावला ती जीआयपीच्या मार्गाला मिळाली. 5 नोव्हेंबर 1951 ला बीबीसीआय पश्चिम रेल्वेत गेली आणि जीआयपी मध्य रेल्वेत. म्हणून अर्ज करताना पत्ता नीट बघा : अमळनेर, धरणगाव, नंदुरबारसाठी मुंबई सेंट्रल विभाग, पाचोरा, चाळीसगाव, धुळ्यासाठी भुसावळ विभाग. चुकीच्या विभागात टाकलेला अर्ज इकडून तिकडे फिरत बसतो.

प्रश्न (जळगाव) : पणजोबांच्या 1895 च्या रोजनिशीत 'घरच्या घड्याळात 6.51, गाडी 7.10 ची, वेळेवर पोचलो आणि ती लगेच सुटली' असं आहे. हे कसं?

रोजनिशी चोख आहे. त्या काळी रेल्वेची घड्याळं मद्रास टाइमवर, म्हणजे मद्रासच्या स्थानिक वेळेवर चालत. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. मद्रासचं रेखांश 80 अंश 15 मिनिटं, जळगावचं साधारण 75 अंश 34 मिनिटं. फरक 4 अंश 41 मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ 19 मिनिटं. घरचं घड्याळ जळगावच्या उन्हावर लावलेलं असणार : 6.51 अधिक 19, बरोबर 7.10. पणजोबा फलाटावर धावतच पोचले असावेत!

आजच्या वेळेत आणायचं तर मद्रास टाइममध्ये 9 मिनिटं मिळवा, 7.19. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासूनची. मात्र कागद मुंबईचा असेल तर सावध राहा : मुंबई टाइम मद्रासच्या 30 मिनिटं मागे होता.

प्रश्न (भुसावळ) : शेताच्या कुंपणाला जुन्या रुळाचा तुकडा आहे. वय कसं ओळखावं?

रुळाच्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरं असतात. तारेच्या ब्रशने गंज काढा आणि आडवा खडू फिरवा, की अक्षरं उठून दिसतात. ग्राइंडर लावू नका, उठावच जातो. '90 आर' म्हणजे एका यार्डाला 90 पौंड, मीटरला सुमारे 44.6 किलो. '52 केजी' म्हणजे मीटरला 52 किलो. कारखान्याच्या नावापुढे बहुधा रोमन आकड्यात महिना आणि मग वर्ष. चूक इथेच होते : ते वर्ष रूळ ओतल्या-लाटल्याचं, लाइन टाकल्याचं नव्हे. मुख्य मार्गावरून काढलेला रूळ पुढे फाट्यावर, सायडिंगला वापरला जातो.

आणि लिलावाची पावती जपून ठेवा. रेल्वेचा माल विनापावती जवळ सापडला, तर 1966 च्या कायद्याखाली गुन्हा दाखल होतो.