जिना आतला की बाहेरचा, ते आधी सांगा

या वेळी जिन्याच्या फिनिशिंगबद्दल तिघांनी विचारलंय, म्हणून तिन्ही प्रश्न एकत्रच घेतोय.

प्रश्न : चिपळूणजवळ गावी आमचं घर चाललंय. अंगणातून पडवीत चढायला काँक्रीटच्या पायऱ्या ओतून झाल्यात, पडवी धरून सात चढ (एका पायरीवरून दुसरीवर चढायची उंची) आहेत, प्रत्येकी १६५ मिमी. मिस्त्री म्हणतो ब्लॅक ग्रॅनाइट लावा एकदम रॉयल दिसेल, सासरे म्हणतात कोकणात जांभाच शोभतो, मिस्टर म्हणतात कडप्पा स्वस्तात होईल. घरात सासूबाई ७५ वर्षांच्या आहेत. काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ताई, तिघांपैकी कोणाचंच पूर्ण ऐकू नका, त्यातल्या त्यात मिस्त्रीचं तर अजिबात नको. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पॉलिश ग्रॅनाइटवर पाण्याचा पातळ थर बसला, वर अंगणातल्या लाल मातीचा चप्पलेने आलेला चिखल, की ७५ वर्षांच्या बाईला सोडा, विशीतल्या पोरालाही पायरी उतरताना भिंत धरावी लागेल. ग्रॅनाइट वाईट नाही हो, ते पॉलिश वाईट. तोच दगड फ्लेम्ड फिनिशमध्ये मिळतो, म्हणजे पृष्ठभागावर गॅसची ज्योत फिरवतात, उष्णतेने वरचे कण तडकून उडतात आणि खरखरीत पोत येतो. बाहेरच्या पायरीला हाच घ्या, १८ ते २० मिमी जाडीचा, रंग शक्यतो करडा, कारण काळा दगड एप्रिल-मेच्या उन्हात अनवाणी पायाला चटका देतो. लेदर फिनिश दाखवतील, हाताला छान लागतं, पण ओल्यात फ्लेम्डइतकी पकड देत नाही.

जांभ्याबद्दल सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. कोरडा असताना पाय मस्त ठरतो आणि घराला शोभतोही, पण तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो, सावलीतल्या बाजूला जुलैपर्यंत हिरवं शेवाळ धरतं आणि पायरीची कड झिजून गोल होत जाते. मग असं करा की पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंचे कठडे जांभ्याचे बांधा, पाय पडतो तिथे ग्रॅनाइट. सासरेही खूष. कडप्पा मात्र बाहेर नकोच, ऊन-पावसात त्याचे पापुद्रे सुटतात, ओट्याखालच्या कप्प्यांना ठीक आहे तो. टाइल्सच लावायच्या झाल्या तर खोक्यावर आर-११ लिहिलंय का बघा (आर म्हणजे घसरण रोखण्याचा दर्जा, आकडा मोठा तितकी पकड जास्त), आर-९ वाली बाहेर नको.

आता तुम्ही विचारलं नाहीये पण दगडापेक्षा महत्त्वाचं आहे ते सांगतो. अंगणात पुढे पेव्हर ब्लॉक टाकणार असाल ना? ६० मिमीचा ब्लॉक आणि खाली ४० मिमी वाळू म्हणजे अंगण १०० मिमी वर येणार. पडवीला फरशी आणि खालचा माल मिळून समजा ६५ मिमी. मिस्त्री सगळ्या पायऱ्यांवर सारखाच ४० मिमीचा थर देऊन मोकळा झाला तर पहिला चढ १०५ मिमीचा राहील, मधले १६५ चे आणि शेवटचा १९० चा. माणूस जिन्यावर खाली बघून चालत नाही, पहिल्या दोन पायऱ्यांवर पायाला जी उंची कळते तीच पुढे धरून चालतो, त्यामुळे अशा जिन्यावर महागातला अँटीस्किड दगड लावून सुद्धा लोक ठेचकाळणारच.

तुमच्या बाबतीत हिशेब सुदैवाने सरळ बसतो. सात गुणिले १६५ म्हणजे ११५५, त्यातून अंगणाचे १०० वजा आणि पडवीचे ६५ अधिक, म्हणजे तयार अंगणापासून तयार पडवीपर्यंत एकूण उंची ११२० मिमी, भागिले सात, म्हणजे प्रत्येक चढ १६०. त्यासाठी पहिल्या पायरीवर दगडासकट ९५ मिमी भर घालायची आणि पुढे प्रत्येकीवर ५ मिमी कमी करत सहावीवर ७० वर यायचं. एवढा जाड नुसता सिमेंट-वाळूचा माल भरू नका, खाली बारीक खडीचं काँक्रीट घाला आणि त्याआधी जुना पृष्ठभाग छिन्नीने टोचून, धुऊन घ्या. पाण्याच्या नळीने लेव्हल काढून बाजूच्या भिंतीवर सातही रेघा मारून घ्या, आणि हे मिस्त्रीच्या भरवशावर नाही, स्वतः उभं राहून. प्रत्येक पायरीला पुढच्या बाजूला ३ ते ५ मिमी उतार ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. दगडाखाली माल पूर्ण पसरलेला हवा, चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दगड बसवतात तसं नको, पोकळीत पाणी शिरून खार फुटतो आणि कड पोकळ राहिली तर तीच आधी तुटते. सुकल्यावर नाण्याने ठोकून बघा, आवाजावरून कळतं.

आणि एका बाजूला तरी हँडरेल लावाच, सासूबाईंसाठी ते दगडाच्या आधी.

प्रश्न : नाशिकला रो-हाउस आहे, आतला जिना. बायकोला सगळं व्हाइट हवंय, पायरी पण आणि उभी बाजू पण. व्हिट्रिफाइड टाइल की मार्बल की कोटा? बजेट मध्यम.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आत पावसाचं टेन्शन नाही, त्यामुळे बरंच काही चालतं. पण आडवी-उभी दोन्ही पांढरी केलीत तर उतरताना पायरीची कड दिसत नाही, विशेषतः रात्री आणि चष्मा असेल तर. वहिनींना सांगा, उभी बाजू पांढरी ठेवूया, पाय ठेवायची गडद. मला विचाराल तर कोटा, २० ते २५ मिमी, मिरर पॉलिश न करता साधा घासलेला, पुढची कड अर्धगोल आणि कडेजवळ दोन-तीन खाचा मारून घेतलेल्या. झिजला तर परत घासता येतो, टाइलला तो चान्स नाही. टाइलच हवी असेल तर फुल बॉडी घ्या, कारण बाकीच्यांत रंग फक्त वरच्या थरात असतो आणि कड गोल केली की आतला वेगळा रंग उघडा पडतो, तो किती लपवला तरी दिसतोच. मार्बल सुंदर, पण लिंबू सांडलं की डाग. खरं तर कोटा आणि मार्बल दोन्ही चुन्याचे दगड, म्हणून काम संपल्यावर कामगार अ‍ॅसिडने धुवायला निघाले तर तिथेच थांबवा, पॉलिश जातं. लाकडाचा विचार करत असाल तर साग परवडतो का बघा, लॅमिनेटच्या पायऱ्या मोज्यांत फार घसरतात.

प्रश्न : गिरगावात आमच्या जुन्या बिल्डिंगचा मोझॅकचा जिना मळकट झालाय. कमिटी म्हणते त्याच्यावरच ग्रॅनाइट मारू. बरोबर आहे का?
– एक सभासद, मुंबई

उत्तर : नाही. २० मिमी दगड आणि २० मिमी माल धरला तर चौरस मीटरला साधारण १०० किलो वजन वाढतं, तेही जुन्या स्लॅबवर, म्हणजे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायला हवं. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या चढाचं गणित बिघडेल ते वर चिपळूणच्या ताईंना सांगितलंच आहे, आणि मजल्यावरच्या दारांच्या उंबऱ्यांचं काय करणार? मोझॅक हे सिमेंटमध्ये बसवलेले संगमरवराचे तुकडेच असतात, त्यामुळे मशीनने घासून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पॉलिश (वर नको म्हटलं ते धुवायचं अ‍ॅसिड वेगळं) करून घेतलं की खालून चांगला निघतो, खर्च ग्रॅनाइटपेक्षा खूपच कमी. फक्त कडेला फार चकचकीत करू देऊ नका आणि तुटलेल्या कडा त्याच रंगाच्या चिप्स घालून भरून घ्या. काम रात्री करायचं ठरलं तर एका वेळी जिन्याची अर्धी रुंदी, वरच्या मजल्यावरच्या लोकांना खाली उतरायला वाट हवी ना.