शिक्षणसेवकाचे मानधन आणि शहरातील घरभाडे

प्रश्न : माझ्या मुलीची शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलमार्फत पुण्यातील पालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून निवड झाली आहे. दरमहा 16,000 रुपये मिळतील असे समजले. तिथे खोलीचे भाडे आणि खाणावळ भागवून हाती फारसे उरणार नाही. शहर महाग म्हणून तिला घरभाडे भत्ता मिळेल का?
– एक पालक, परभणी

उत्तर : नाही, पहिली तीन वर्षे मिळणार नाही. शिक्षणसेवकाला, म्हणजे नियमित होण्याआधी तीन वर्षे काम करणाऱ्या नव्या शिक्षकाला, वेतन नव्हे, तर ठरावीक मानधन मिळते आणि त्यावर महागाई भत्ता किंवा घरभाडे भत्ता लागू होत नाही. प्राथमिकसाठी 16,000, माध्यमिकसाठी 18,000 आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी 20,000 रुपये हे दर जानेवारी 2023 पासूनचे आहेत. त्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ प्राथमिकचे मानधन अवघे 6,000 होते, हे आठवले की आजही वाईट वाटते.

तीन वर्षांची सेवा समाधानकारक ठरल्यावर मुलीला नियमित वेतनश्रेणी मिळेल. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन 29,200 रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता 50 टक्क्यांपुढे गेल्यावर घरभाडे भत्त्याचे दर शहराच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या 30, 20 आणि 10 टक्के होतात. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात असल्याने पुण्यात हा भत्ता 8,760 रुपये, तर लहान गावात 2,920 रुपये बसतो. म्हणजे गावागावांतील खर्चाचा फरक शासनाला मान्य आहे, पण ज्यांची मिळकत सर्वांत कमी आहे त्या नव्या शिक्षकांनाच तो लागू नाही. गडचिरोलीत आणि पुण्यात मानधन एकच, ही रचना आम्हाला अन्यायाची वाटते. निदान घरभाड्याचा भाग तरी शहराप्रमाणे द्यायला हवा.

तोवर शाळेच्या जवळ, सहकारी शिक्षिकांबरोबर भाडे वाटून राहणे सोयीचे पडेल, कारण लांबच्या स्वस्त खोलीची बचत रोजच्या प्रवासात जाते. पुढच्या वेतनाच्या भरवशावर आत्ताच कर्ज काढू नये. नियमित झाल्यावर राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 10 टक्के कपातही होते. नियुक्ती आदेश आणि रुजू झाल्याचा अहवाल यांच्या प्रती मुलीने जपून ठेवाव्यात आणि तीन वर्षे पूर्ण होण्याआधीच नियमित वेतनश्रेणीच्या प्रस्तावाबाबत मुख्याध्यापकांकडे लेखी विचारणा करावी.