११ केव्ही जनरेटरचा ब्रेकर: फक्त केए बघून घेऊ नका

तुमचा प्रश्न असा: कारखान्याच्या को-जनमध्ये (स्वतःच्या वीजनिर्मितीत) १२ मेगावॉटचा जुना जनरेटर सेट आहे, त्याच ११ केव्ही बसवर (सगळे जोडले जातात त्या सामाईक पट्टीवर) २० मेगावॉटचा नवा येतोय, ग्रिडकडे ३१.५ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. सल्लागार म्हणतात, नव्या सेटला बाकी पॅनेलसारखाच १६०० अँपिअर, २६.३ केएचा (म्हणजे तेवढे हजार अँपिअर शॉर्टसर्किट करंट तोडू शकणारा) व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर, लावा. चालेल का?

करंटचं आधी उरकतो. ०.८ पॉवर फॅक्टरला २५ एमव्हीए, म्हणजे १३१२ अँपिअर. व्होल्टेज ५ टक्के खाली असताना १३८० च्या घरात. ब्रेकरचं रेटिंग ४० अंशांना धरलेलं असतं आणि मार्चमध्ये तुमची पॅनेल रूम किती तापते ते तुम्हीच जाणता. २००० चा घ्या.

आता फॉल्ट, म्हणजे शॉर्टसर्किट. जनरेटर ब्रेकरमधून एका वेळी एकाच बाजूचा फॉल्ट करंट जातो. फॉल्ट बसवर असेल तर फक्त नवा सेट त्यातून करंट देतो: सबट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स (फॉल्टच्या पहिल्या क्षणी मशीनचा आतला अडथळा) १५ टक्के धरला तर ८.७५ केए. फॉल्ट ब्रेकर आणि मशीनच्या मधे असेल तर ग्रिड आणि जुना सेट मिळून देतात. ट्रान्सफॉर्मरचा इम्पीडन्स १२.५ टक्के असेल तर त्यातून १३.२, जुन्या सेटचे ५.२५, बेरीज साडेअठराच्या आसपास. फॉल्टच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०९०९, त्याचा १.१ हा गुणक लावला की २०.३ केए. २६.३ पुढे हे आरामात बसलेलं दिसतं.

पण साधा ब्रेकर आयईसी ६२२७१-१०० प्रमाणे तपासलेला असतो, त्यात डीसी घटकाचा (फॉल्ट करंटला सुरुवातीला एका बाजूला सरकवणारा, हळूहळू विरणारा भाग) टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तो किती लवकर विरतो ते सांगणारा काळ, ४५ मिलिसेकंद. जनरेटर ब्रेकरच्या मानकात, म्हणजे ६२२७१-३७-०१३ मध्ये, तोच १३३ आहे, कारण मशीन आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ रेझिस्टन्स नगण्य असतो. कॉन्टॅक्ट ५५ मिलिसेकंदांना सुटले असं धरा. पहिल्या हिशेबात डीसी २९ टक्के उरतो, दुसऱ्यात ६६. डीसीसकट एकूण मोजलं तर २६.३ चा ब्रेकर साधारण २८.४ केएपर्यंत सिद्ध झालेला आहे आणि तुमचा फॉल्ट २७.८ चा निघतो. सहा केएची राखीव अर्ध्या केएवर आली! १३३ ही कडक बाजू आहे, तुमच्याकडे प्रत्यक्षात कमी असेल, पण तो आकडा अभ्यासातून काढून घ्या, अंदाजाने नको.

मशीनकडून येणाऱ्या फॉल्टची आणखी एक खोड आहे. त्यातला एसी भाग डीसीपेक्षा लवकर घसरतो, त्यामुळे करंट काही सायकल शून्यावर येतच नाही. व्हॅक्यूममध्ये आर्क विझायला शून्य लागतंच. म्हणूनच त्या मानकात जी-१ वर्गाला ११० टक्के आणि जी-२ ला १३० टक्के असमतोलाची (एसीच्या शिखराच्या तुलनेत डीसी किती) चाचणी आहे. शिवाय सिन्क्रोनाइझ करताना चुकून फेज बाहेर जोडलं गेलं तर ते तोडण्याचीही वेगळी चाचणी त्यात येते. एबीबीचा व्हीडी४जी किंवा सीमेन्सची जनरेटरसाठीची व्हॅक्यूम मालिका याच कामाची आहे. किंमत चढी पडते, पण मी इथे काटकसर करणार नाही. निविदेत मानकाचा क्रमांक लिहा आणि टाइप टेस्ट रिपोर्ट मागा. 'जनरेटर ड्यूटीला योग्य' एवढं वाक्य पुरेसं नाही.

आणि खरा धोका तुमच्या प्रश्नात नाहीच. आउटगोइंग फीडरच्या ब्रेकरमधून तिन्ही स्रोतांचा करंट एकत्र जातो: १३.२, ८.७५ आणि ५.२५, म्हणजे २७.२ केए, गुणकासह ३०. मोठ्या मोटरींची भर वेगळी. नवा सेट चालू झाला की तुमची जुनी २६.३ ची पॅनेलं तोकडी पडतात. सल्लागारांना आधी हे विचारा. बसला रिअ‍ॅक्टर, जास्त इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर किंवा ४० केएचं नवीन स्विचगिअर, यातलं काही तरी करावं लागेल. ३१.५ केएच्या स्विचगिअरमध्ये मोटरींनंतर फारसं काही उरत नाही.

रिलेबद्दल एवढंच: फॉल्ट टिकला तर मशीनचा करंट फुल लोडच्याही खाली येऊ शकतो, तेव्हा साधा ओव्हरकरंट उचलत नाही. व्होल्टेज रेस्ट्रेंट असलेला (व्होल्टेज पडलं की कमी करंटलाही उचलणारा) ५१व्ही रिले घ्या. मशीनच्या आतल्या फॉल्टला ८७जी या डिफरन्शियल रिलेने ब्रेकरबरोबर फील्ड ब्रेकर (मशीनचा चुंबक बंद करणारा) आणि टर्बाइनचा स्टॉप व्हॉल्व्हही ट्रिप झाले पाहिजेत, नाही तर ब्रेकर उघडल्यावरही मशीन स्वतःच्या फॉल्टला करंट पुरवत राहतं.