२५ हजारांत घरचा संगणक: सीपीयू वापरलेला घ्या, मॉनिटर नवा

तुम्ही दिलेली माहिती अशी: बाबांचा २०१३ सालचा डेस्कटॉप गेला. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. मराठीत लेख टाइप करणं, बँकेची कामं आणि युट्यूब एवढा त्यांचा वापर. बहीण बारावीला आहे, तिची लेक्चर्स ऑनलाइन असतात. बजेट २५ हजार, आणि जुना १८.५ इंची मॉनिटर अंधुक झाल्यामुळे तोही त्यातच बसवायचाय. साताऱ्यातला एक दुकानदार आय७, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क आणि १९ इंची मॉनिटर असा संच १६ हजारांना देतोय. तो घ्यावा का?

घेऊ नका. ९ हजार वाचताहेत असं वाटेल, पण त्या १६ हजारांत तुमच्या उपयोगाचं फारसं काही नाही.

मी एका पतसंस्थेच्या शाखांमधले संगणक बघतो, त्यामुळे असे संच कायम समोर येतात. आधी दुकानदाराला प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा. नुसतं ‘आय७’ म्हणजे काहीच कळत नाही. आय७-२६०० हा २०११ चा, ३७७० हा २०१२ चा, ४७७० हा २०१३ चा. या भावात मॉनिटरसकट आय७ मिळतोय म्हणजे बहुधा यांपैकीच एक असणार. म्हणजे जो संगणक आत्ता गेला, त्याच्याच वयाचा दुसरा घरात येणार. चार आकडी नंबरातला पहिला आकडा म्हणजे पिढी. तुम्हाला तो किमान ८ हवा.

८ च का? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशिनमधली सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो (एएमडीत साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढे). जुन्या मशिनवर अट चुकवून विंडोज ११ टाकून देणारे दुकानदार आहेत. ते चालतंही, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या संगणकावर बाबा बँकेचं काम करणार, त्यावर हा धोका मी तरी घेणार नाही.

दुसरं कारण युट्यूबचं आहे आणि ते रोज जाणवेल. युट्यूबचे बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ या पद्धतीत येतात. ३७७० च्या ग्राफिक्सला ते स्वतः उलगडता येत नाहीत, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि पंखा घोंगावत राहतो. आठव्या पिढीच्या आय५-८५०० मध्ये ते काम ग्राफिक्सच करतं, शिवाय त्याला ६ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत. नाव आय५ असलं तरी तुमच्या कामाला तो त्या आय७ पेक्षा उजवा.

आता काय घ्यायचं ते. कंपन्या आणि बँका काही वर्षांनी सगळे संगणक एकदम बदलतात आणि तेच पुढे ‘रिफर्बिश्ड’ म्हणून बाजारात येतात. डेल ऑप्टिप्लेक्स ३०६० किंवा ७०६०, एचपी प्रोडेस्क ६०० जी४, लेनोव्हो थिंकसेंटर एम७२० ही नावं लिहून ठेवा. ऑफिसात वर्षानुवर्षं चालू राहावीत म्हणून बनवलेली ही मशिन्स आहेत, आणि त्याच पैशांत जुळवलेल्या स्वस्त असेंबल्ड पीसीपेक्षा मला त्यांची खात्री जास्त वाटते. आय५-८५००, १६ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी येणारी, चिपवर साठवणारी डिस्क) एवढं मागा आणि सीपीयूसाठी, म्हणजे मॉनिटर सोडून अख्ख्या डब्यासाठी, १४ ते १६ हजार धरा. साताऱ्यात नाही मिळालं तर पुण्यात चौकशी करा. मुंबईला कुणाचं जाणं होत असेल तर संगणकाच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड आहेच. रॅम आत्ताच पुरेशी घ्या, ‘नंतर वाढवू’ म्हणू नका. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढलेत. १६ जीबी बजेटबाहेर जात असेल तर ८ जीबीवर तुमची कामं भागतील, पण त्याखाली नको.

एसएसडीवर मात्र तडजोड करू नका. साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, हार्ड डिस्क १००-१५० च्या घरात. आणि रोजच्या वापरात फरक त्याहूनही जास्त जाणवतो, कारण हार्ड डिस्कमध्ये बारीक बारीक फाइली शोधायला सुई सतत इकडून तिकडे फिरत असते. बाबांच्या लेखांना २५६ जीबी भरपूर झाली.

दुकानात मशिन चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. सर्वात आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशिनच्या सेटिंगमध्ये) जा. त्यासाठी मशिन चालू होतानाच दाबायची कळ: डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशिन सोडून द्या. ऑफिसचा पासवर्ड तसाच राहिलेली मशिन्स बाजारात येतात आणि पुढे विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की अडकायला होतं. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्टिव्हेशन’ बघा. कंपन्यांच्या मशिनला सहसा विंडोज प्रोचं लायसन्स मदरबोर्डशीच जोडलेलं असतं, त्यामुळे ‘विंडोजचे वेगळे पैसे’ कुणी मागितले तर का ते विचारा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा, त्यात एसएसडी किती तास चालली आणि तिची तब्येत कशी आहे ते दिसतं. डेल असेल तर मागचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या वेबसाइटवर टाका, मूळ मशिन कधीचं आणि कोणत्या जोडणीचं ते कळेल. पक्कं बिल आणि त्यावर किमान ६ महिन्यांची, जमल्यास वर्षाची वॉरंटी लिहून घ्या.

एक गोष्ट लोकांच्या हमखास ध्यानात येत नाही: ऑफिसच्या या मशिन्समध्ये बऱ्याचदा वाय-फाय नसतं. राउटर शेजारीच असेल तर लॅनची वायर लावा, नाहीतर यूएसबीचं वाय-फाय डोंगल घ्या. बहिणीसाठी वेबकॅम आणि माइकचा हेडफोनही लागेल. या किरकोळ खर्चाला हजार-दीड हजार बाजूला ठेवा.

मॉनिटर मात्र नवाच, आणि त्यासाठी ८ हजार राखून ठेवा. सीपीयूचं बरंचसं काही बदलता येतं, मॉनिटर एकदा घेतला की तोच रोज डोळ्यांसमोर असतो. वापरलेल्या मॉनिटरचा बॅकलाइट किती उरलाय हे दुकानातल्या उजेडात कळत नाही. आणि चांगला मॉनिटर पुढचा संगणक आला तरी चालू राहतो.

दुकानदार देतोय तो १९ इंची बहुधा १३६६ × ७६८ चा असेल. फुल एचडी म्हणजे १९२० × १०८०. ठिपके जवळजवळ दुप्पट. इंग्रजी वाचताना हा फरक एक वेळ चालून जातो. आपल्या लिपीत अक्षराच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, पायमोडकी जोडाक्षरं. एवढं सगळं मोजक्या ठिपक्यांत कोंबलं की ‘द्ध’ आणि ‘ध्द’ वेगळे ओळखायला डोळे ताणावे लागतात. बाबांना प्रूफ वाचायचं असतं, त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जाणवेल. फुल एचडीवर विंडोजचं स्केलिंग (अक्षरांचा आकार) १२५ टक्के केलं तरी पानावर पुरेसा मजकूर मावतो. १३६६ वर तेच केलं की निम्मी जागा टूलबारच खातात.

आकार २२ किंवा २४ इंच. २७ इंची मोह होईल, पण फुल एचडीतच २७ घेतला तर इंचामागे ८२ च ठिपके उरतात. २४ ला ९२, २१.५ ला १०२. जवळ बसून मजकूर वाचायचा असेल तर या बजेटात २४ च्या पुढे जाऊ नका. पॅनल, म्हणजे पडद्याचा प्रकार, आयपीएस हवं. टीएन पॅनलचा मॉनिटर थोडा वरून किंवा खालून पाहिला की रंग फिरतात, आणि तुमच्याकडे वेगवेगळ्या उंचीची दोन माणसं तो वापरणार आहेत. ७५ हर्ट्झ की १०० हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो) यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, मिळालं तर ठीक. त्यापेक्षा वरखाली होणारा स्टँड मिळाला तर तो घ्या. तसा नसेल तर मागे व्हेसाची (मॉनिटर टांगायच्या ठरलेल्या मापाची) चार भोकं आहेत का बघा, म्हणजे पुढे भिंतीवर किंवा आर्मवर लावता येईल. बऱ्याच स्वस्त मॉनिटरना स्पीकर नसतात, तेही विचारा.

केबल आधीच जुळवून घ्या. अनेक थिंकसेंटर आणि प्रोडेस्कना मॉनिटर जोडायला फक्त डिस्प्लेपोर्ट आणि जुनं व्हीजीए असतं, तर स्वस्त मॉनिटरना एचडीएमआय आणि व्हीजीए. दोन्हीकडे व्हीजीए आहे म्हणून तीच जोडून देतात आणि नव्या मॉनिटरवर अक्षरं पुसट दिसतात. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआयमध्ये जाणारी केबल मागा. ती एकाच दिशेने चालते, उलटी दिशा सांगून आणू नका.

वापरलेलं घ्यायला घरात कुणाचीच तयारी नसेल तर इंटेल एन१०० चा नवा मिनी पीसी बघा. ६ वॅटचा ४ कोअर प्रोसेसर, मूठभर आकार, मॉनिटरच्या मागे लावता येतो. लेख, बँक, युट्यूब सगळं नीट चालतं. एकाच वेळी लेक्चर, वीसेक टॅब आणि वर्ड उघडलं की मात्र ८५०० पुढे निघतो. ऑल-इन-वनच्या वाटेला जाऊ नका. त्यात पडदा बिघडला की संगणकही दुरुस्तीला जातो.

बाबा लेख श्रीलिपीत (स्वतःचा फाँट लागणाऱ्या जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये) टाइप करत असतील तर त्या जुन्या फाइली नव्या मशिनवर तो फाँट नसेल तर नुसत्या विचित्र चिन्हांत दिसतील. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. फाँट टाकला किंवा कन्व्हर्टरने युनिकोड (कुठल्याही मशिनवर दिसणारी आजची पद्धत) केला की वाचता येतो. नवं टायपिंग विंडोजमधल्याच मराठी फोनेटिक कीबोर्डवर सुरू करून द्या, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत.

जुन्या सीपीयूचं बहुतेक एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) गेलं असेल, आतली हार्ड डिस्क चांगलीच असण्याची शक्यता आहे. तो भंगारात देण्याआधी डिस्क काढून घ्या, साटा-टू-यूएसबी केबलने नव्या मशिनला जोडा आणि सगळं उतरवून घ्या. केबल फार महाग नसते. आणि नव्या मशिनला ६०० व्हीएचा यूपीएस लावा. तो या महिन्यात बसत नसेल तर पुढच्या महिन्यात घ्या, पण मॉनिटरच्या पैशांतून कापू नका.